कळवणपर्यंतचं अवकाश

खरं प्रेम बोलून दाखवायचं नसतं, हे सत्य माणसाला पृथ्वी सोडून पुरेसं लांब गेल्यावरच कळतं. जीवन शेवाळेला ते इंदिरानगरात, रथचक्र चौकाजवळच्या एका गाळ्यात कळलं. गाळ्यात झेरॉक्स निघत, मेंदीचे कोन मिळत, आणि मागच्या दोन कपाटांतली पुस्तकं डिपॉझिट भरलं की घरी नेता येत. मालकीण स्नेहल ही पुस्तकं मुंबईच्या फुटपाथांवरून गठ्ठ्याने आणवी आणि गठ्ठ्यात काय आलंय ते गठ्ठा सुटल्यावरच तिला कळे. एका गठ्ठ्यात इंग्रजी अंतराळ कादंबऱ्यांचा ढीग निघाला. नाशकात त्या कुणी वाचणार नाही या खात्रीने तिने त्या खालच्या खणात, झेरॉक्सच्या कागदांमागे लावल्या. शेवाळेने पहिली उचलली ती जाडी बघून. अंबडच्या कारखान्याच्या बसमध्ये हातात जाड पुस्तक असलं की शेजारचा बोलत नाही, एवढाच त्याचा हेतू होता. पण हा हेतू पार पडल्यावर बसमध्ये करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून तो वाचू लागला.

त्याला आता चार वर्षं होऊन गेली होती. कारखान्यात त्याची विज्ञाननिष्ठ माणूस अशी ख्याती झाली होती. मंगळावर पाणी आहे का, हे लोक त्याला कँटीनमध्ये विचारत आणि तो ‘अभ्यास चालू आहे’ असं म्हणे. खरं तर इंजिनांची पानं तो लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या नावांसारखी टाकून देई. लढाया, परग्रहवासी, दोन सूर्यांचे सूर्यास्त यांतलं काहीही त्याला नको असे. त्याला हवी असे ती तीनशे पानांत एकदा, फार तर दोनदा येणारी जागा. यान भरकटलेलं, प्राणवायू संपत आलेला, आणि ती रेडिओवर त्याला म्हणते, तुझा आवाज स्वच्छ येतोय. बस, एवढंच. पुढच्या परिच्छेदात लगेच इंधनाचा दाब सुरू. कुणी कुणाचा हात धरत नसे, कारण हातमोजे जाड असत. कुणी रडत नसे, कारण तिथे अश्रू खाली पडत नाहीत आणि यंत्रात गेले तर बिघाड होतो. अशी जागा आली की शेवाळेच्या छातीत काहीतरी हलकंसं सरके, तो पुस्तकात बोट घालून मिटे, आणि बसच्या खिडकीतून गरवारे पॉइंटचा कठडा मोठ्या आदराने बघे. सत्तेचाळीस वर्षांच्या, क्वालिटी कंट्रोलमधल्या, मुलगी इंजिनिअरिंगला असलेल्या माणसाने अशा गोष्टीसाठी पुस्तक वाचावं हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याने सांगितलंही नाही. बायकोला तर नाहीच. तिला ते ठाऊक असणार असं त्याने धरून ठेवलं होतं, कारण न सांगता ठाऊक असणं हाच तर या साऱ्याचा गाभा होता.

तर त्या मे महिन्यातल्या रविवारी, दोन हजार तीन साली, दुपारी जेवण झाल्यावर तो पलंगावर आडवा पडून आठ-दहा दिवसांपूर्वी आणून एकदा वाचून झालेली, अजून परत न केलेली कादंबरी पुन्हा वाचत होता. मालवाहू यान, त्यावर दोनच माणसं, एक कप्तान आणि एक दिशादर्शक बाई. प्रवास इतका लांबचा की दोघं आळीपाळीने झोपतात. तो जागा तेव्हा ती गोठवलेली, ती जागी तेव्हा तो गोठवलेला. भेट म्हणून नाही. कप्तान उठतो आणि चालकाच्या खुर्चीत बसतो, तर खुर्ची त्याच्याच उंचीला लावलेली असते. झोपायला जाण्याआधी तिने ती वर करून ठेवलेली असते. तिची स्वतःची उंची कमी. याबद्दल लेखक पुढे एक अक्षर बोलत नाही. शेवाळेने ही ओळ पहिल्यांदा बसमध्ये वाचली तेव्हा त्याचा स्टॉप चुकला होता. आता ती पुन्हा वाचायला तो त्या पानाशी आला, आणि त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने केलेली बरोबरची खूण त्याला दिसली. शेपूट जरा लांबवलेली, फिकट.

स्नेहलच्या लायब्ररीत पुस्तकांवर खुणा नवीन नव्हत्या. गठ्ठ्यातली पुस्तकं एकसारखी दिसत, वाचलेलंच पुन्हा घरी येई, म्हणून प्रत्येक सभासद आपली एक गुपचूप खूण ठरलेल्या पानावर करून ठेवी, म्हणजे उघडून बघितलं की कळतं. कुणी एकविसाव्या पानाला गोल करी, कुणी कोपरा दुमडी. शेवाळेची खूण म्हणजे सत्ताविसाव्या पानाच्या आकड्याखाली एक ठिपका, कारण त्याचा फ्लॅट सत्तावीस नंबरचा. पण त्या सगळ्या खुणा पानाच्या आकड्याशी असत. ओळीशी खूण म्हणजे वाचून केलेली खूण. आणि ती खूण पहिल्या वाचनात नव्हती असं त्याला ठाम वाटलं. ठाम म्हणजे बसच्या उजेडात, खड्ड्यांवरून जाताना, जितकं ठाम असता येतं तितकं. म्हणजे ती गेल्या आठ-दहा दिवसांत, या घरात झाली होती. घरात दोन माणसं होती. त्यातलं एक तो स्वतः होता.

भाग्यश्री तेव्हा गच्चीवर कुरडया घालत होती. ती सरकारी खात्यात लेखा शाखेत. दिवसभर बिलं तपासायची आणि तपासलेल्या आकड्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. बावीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं असं तीच म्हणे. वाण्याच्या यादीवरही तिची तशी खूण असे. त्या खुणेला शेपूट लांब होती का, हे शेवाळेला आठवेना. बावीस वर्षांत त्याने ते बघितलं नव्हतं, आणि त्याला पहिली भीती वाटली ती याची. दुसरी भीती तीन दिवसांपूर्वीची होती. गुरुवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली, पर्स खुंटीला लावली, तोंड धुतलं आणि टॉवेलातूनच म्हणाली, ‘कळवण आलंय.’ बदलीचं. एक तारखेच्या आत हजर व्हायचं. शेवाळे म्हणाला, ‘हं.’ त्या हं मध्ये काय काय होतं हे फक्त त्यालाच माहीत होतं. त्यात तू गेलीस तर मी काय करू हे होतं, आणि रोजचं येणं-जाणं तुला झेपणार नाही, तिथेच राहावं लागेल, हे होतं, आणि लेक तृप्ती पुण्याला शिकायला गेल्यापासून घरात संध्याकाळी कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नसतो तोही जाईल, हेही होतं. ती टॉवेल झटकून वाळत घालताना म्हणाली, ‘साहेबांना भेटलं तर अजून बदलता येतं. आठवडा आहे हातात.’ त्यावर तो पुन्हा हं म्हणाला, पण या वेळी जरा खोल. तिने वळून पाहिलं आणि भाकरीचं पीठ काढायला गेली.

जाऊ नकोस, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते म्हणायचे म्हणजे आजवर न म्हटलेलं सगळं मुळात नव्हतंच की काय असा प्रश्न आला. आणि म्हटल्यावर ती ‘का?’ म्हणाली तर? त्या ‘का’चं उत्तर कोणत्याच कादंबरीत नव्हतं, कारण तिथे कुणी विचारतच नव्हतं. गुरुवारपासून तो हे शब्द घशात घेऊन हिंडत होता. आणि आता ही खूण. तिने वाचलं. नेमकी तीच ओळ. म्हणजे तिला समजलंय. हं मध्ये काय होतं ते तिला पोचलं आणि तिने पोच दिली, तिच्या पद्धतीने, पेन्सिलीने. शेवाळे पुस्तक छातीवर ठेवून पंख्याकडे बघत राहिला. एक प्रश्न सुटला, पण दुसरा उभा राहिला. कारण समजलंय हे खरं असेल तर आता बोलणं म्हणजे तिचा अपमान, आणि खरं नसेल तर न बोलणं म्हणजे सत्यानाश, आणि दोन्हीत बाहेरून दिसायला काडीचाही फरक नव्हता.

हे त्याचं असं घडण्याला नामपूर जबाबदार होतं, असं तो स्वतःशी म्हणे. उन्हाळी कांद्याची निवड चालू असली की आई, नवसाबाई, खळ्यात ढिगापाशी बसलेली असे, डोक्यावर चार काठ्यांना बांधलेलं बारदान. ऊन सरकलं की सावली तिच्या पाठीवरून निसटे. मग बाप, धोंडीराम शेवाळे, असेल तिथून उठून येई, काठ्या उपटी, बारदान हातभर सरकवून पुन्हा रोवी, आणि काही न बोलता जाई. दिवसातून किती वेळा. आई वर बघतही नसे. शाळकरी जीवन हे ओट्यावरून बघे आणि त्याला वाटे की जगात याहून मोठं काही नसेल. पुढे नोकरी लागल्यावर, बाप गेल्यानंतर, एकदा त्याने आईपाशी हा विषय काढला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘कांदास्ले ऊन नको लागाले म्हनीसन.’ कांद्यांना ऊन लागू नये म्हणून. शेवाळेने ते ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात मान डोलावली. आईनेही बोलून दाखवलं नव्हतं. तिचं नाकारणं हाच पुरावा होता. असं एकदा धरलं की मग पुराव्यांना तोटा राहत नाही. लग्नानंतर सिडकोत भाड्याच्या एका खोलीत राहत असताना भाग्यश्री त्याच्या डब्यातली पोळीची घडी चौकोनी घालायची आणि स्वतःच्या डब्यातली कशीही कोंबायची, हा पुरावा. पहिल्या पाळीला जाताना गीझर आधीच लावलेला असायचा, हा पुरावा. मधल्या काळात पोळी आणि गीझर दोन्ही बंद झाले, कारण त्याला कँटीन आलं आणि घरावर सोलर आला. पण पुरावा एकदा नोंदला की रद्द होत नाही.

त्या रविवारी रात्री जेवताना त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं. चेहऱ्यावर कुरडयांचं ऊन होतं. ती म्हणाली, ‘तुम्ही काही बोलत नाही.’ तो म्हणाला, ‘बोलायचं काय त्यात.’ हे वाक्य त्याला आतून फार भरलेलं वाटलं. ते तसंच तिच्यापर्यंत जावं म्हणून त्याने पाण्याचा तांब्या तिच्या ताटाजवळ सरकवला. कप्तानाने हेच केलं असतं. भाग्यश्रीने तांब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ‘मला तहान नाही,’ ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला, तृप्तीचा, होस्टेलवरून. आईशी बोलणं झाल्यावर तिने बाबांना मागितलं. बाबा, तुम्ही आईला थांब म्हणालात का, एवढंच तिने विचारलं.

‘तिला माहितीये,’ शेवाळे हळू आवाजात म्हणाला. भाग्यश्री स्वयंपाकघरात भांडी घासायला टाकत होती.

‘काय माहितीये?’

‘सगळंच.’

‘बाबा, म्हणालात की नाही म्हणालात? हो किंवा नाही.’

‘तसं नसतं, बेटा.’

‘तुम्ही ना, मॅन्युअल हरवलेलं मशीन आहात,’ ती म्हणाली. ‘चालतंय का बंदय तेच कळत नाही. हात लावायला भीती वाटते.’ आणि तिचं कार्ड संपलं म्हणून फोन कट झाला, की तिनेच ठेवला, हे त्याने ठरवलं नाही.

सोमवारपासून त्याने पडताळा घ्यायचं ठरवलं. त्याचा धंदाच पडताळ्याचा होता. कारखान्यात स्विचच्या दोन पत्र्यांमधलं अंतर तो पातळ पात्या घालून मोजत असे. पाती सैल गेली तर माल परत, अडली तरी परत, नुसती जाणवेल न जाणवेल अशी सरकली तर पास. त्याने दुसरी एक कादंबरी घरी आणली आणि एका हळुवार जागेवर उघडून, पालथी, जेवणाच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी ती तिथे नव्हती. त्याने घरभर शोधलं. पुस्तक गच्चीवर सापडलं. कुरडयांखालच्या जुन्या साडीचा कोपरा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेलं. खाली आणून त्याने पान अन् पान चाळलं. खूण नव्हती, पण एका पानाला चिकाचा एक वाळलेला थेंब चिकटला होता. म्हणजे पुस्तक त्या पानावर उघडलं गेलं होतं. त्या पानावर इंधनटाकीची मापं होती. शेवाळेने ती मापं तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी त्याला त्यात, टाकीच्या दोन भिंतींमध्ये सोडलेल्या पोकळीच्या वर्णनात, काहीतरी दिसू लागलं. आपण वेडे तर होत नाही ना, अशी शंका त्याच्या मनाला चाटून गेली, पण वेडा माणूस मापं वाचत नाही, असं म्हणून त्याने ती परतवली.

मंगळवारी ती साहेबांना भेटली नाही. तिने तसं सांगितलं, म्हणजे ‘आज साहेब होते’ एवढंच सांगितलं, आणि पुढचं वाक्य त्याच्यासाठी मोकळं ठेवल्यासारखी उभी राहिली. हातात चहाची गाळणी होती, तिच्यातून थेंब ओट्यावर पडत होते. शेवाळेला ती मोकळी जागा दिसली, स्वच्छ दिसली. त्या जागेत पाय ठेवावा आणि ती जागा नसावी, खाली नुसतंच काळं असावं, तसं त्याला झालं. तो म्हणाला, ‘साखर कमी घाल.’ रात्रभर त्याला ते वाक्य ऐकू येत राहिलं, दर वेळी जरा जास्त मोठ्याने. खूण आहे, खूण आहे, असं तो कुशीवर वळून म्हणत राहिला. पलीकडे ती झोपली होती की जागी होती हे त्याला कळलं नाही. आळीपाळीने गोठवलेली माणसं, हे आठवून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

बुधवारी पाळी सुटल्यावर तो लायब्ररीत गेला. खुर्चीवाली कादंबरी परत करायची मुदत संपली होती, आणि ती परत करताना आपण पुरावा परत करतोय असं त्याला वाटत होतं. म्हणून त्याने उगीच, आडून, स्नेहलला विचारलं की लोक पुस्तकात मध्येच पेन्सिलीने खुणा करतात त्याचं तू काही करत नाहीस का. स्नेहल एका मुलीचं गुणपत्रक झेरॉक्स करत होती. मान न वळवता म्हणाली, ‘शेपटीवाली टिक ना? पगार गुरुजी. सांगून दमले मी त्यांना. आत बसलेत बघा.’

आतल्या स्टुलावर, कपाटांच्या मधे, सहादू पगार नावाचे निवृत्त शिक्षक बसले होते. मांडीवर पुस्तक, कानावर पेन्सिल. सटाण्याकडचे. शेवाळे नामपूरचा म्हटल्यावर त्यांनी जागा करून दिली आणि आडनाव, भाऊबंद, पाणी यांची चौकशी पुरती झाल्याशिवाय मुद्द्यावर येऊ दिलं नाही. मग शेवाळेने ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

‘ही माझीच,’ गुरुजी म्हणाले. ‘मागल्या दिवाळीत वाचलं हे. काय हाय शेवाळे, दुपारचं वाचता वाचता माझा डोळा लागतो. लागतोय असं वाटलं की तिथं टिक करून ठेवतो, म्हंजे उठल्यावर तिथनं पुढं.’

‘पण याच ओळीला कशी?’

गुरुजींनी चष्मा वर करून ओळ वाचली. ‘इथं काही घडतच नाय ना,’ ते म्हणाले. ‘खुर्ची वर केली, खुर्ची खाली केली. मला वाटलं फर्निचरचं चाललंय.’

शेवाळे हसला. हसणं भाग होतं. चौकात येऊन तो भाजीच्या गाड्यांपाशी उभा राहिला. भाजीवाली चतुराबाई त्याला दोनदा काय देऊ म्हणाली, तेव्हा त्याने मेथी घेतली, कारण काहीतरी घ्यायला हवं होतं. मागल्या दिवाळीत. म्हणजे पहिल्या वाचनाच्याही आधी. म्हणजे भाग्यश्रीने काही वाचलेलं नव्हतं, काही कळवलेलं नव्हतं, आणि गेले चार दिवस ज्याला तो संवाद समजत होता तो एकट्याचाच होता, बंद यानातला, आणि पलीकडे रेडिओ लागलेलाच नव्हता. पोळीची घडी, गीझर, तांब्या, सगळी नोंद त्याच्या डोळ्यांपुढून मागे मागे जात राहिली आणि कशापुढेही खूण दिसेना. बारदानाशी येऊन तो थांबला. त्याच्या पुढे जायची त्याची हिंमत झाली नाही. मेथीची जुडी त्याने इतकी घट्ट धरली होती की घरी पोचेपर्यंत पानं काळवंडली.

आता बोलायलाच हवं होतं. गुरुवारी पात्या घालता घालता त्याने ते दोन शब्द ओठांत घोळवले. जाऊ नकोस, हे आज्ञेसारखं वाटलं. नाही गेलीस तर नाही का चालणार, हे रजेच्या अर्जासारखं. नामपूरच्या बोलीत म्हणून बघितलं तर आईचा आवाज आला. त्या दिवशी त्याने पास करायचा माल नापास केला आणि नापास माल पास केला, आणि सुपरवायझरने विचारलं की शेवाळे, मंगळावर काही झालं का. शुक्रवारी संध्याकाळी तो ठरवून लवकर घरी आला. भाग्यश्री हॉलमध्ये फरशीवर बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होती. घरातले निम्मे डबे. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. म्हणाला, ‘ऐक ना.’ तिने हात थांबवून ऐकण्यासाठी चेहरा वर केला, आणि तो चेहरा इतका सरळ, इतका जवळ होता की त्याला अंदाजच येईना त्यावर पोचायला किती वेळ लागेल. डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या होत्या, त्या केव्हा आल्या हे त्याला माहीत नव्हतं. पंखा फिरत होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला. मिक्सर थांबला की बोलायचं असं त्याने ठरवलं. मिक्सर थांबला.

‘सुतळीची गाठ मारायची आहे, बोट धरा जरा,’ ती म्हणाली.

त्याने गाठीवर बोट ठेवलं. ती सुतळी आवळत होती. तिचे हात त्याच्या हाताला लागत होते, कोरडे, शाईचा वास असलेले, आणि त्याच्या छातीत ते हलकंसं सरकणं झालं, अगदी पुस्तकातल्यासारखं, आणि एका क्षणासाठी त्याला वाटलं की झालं, बोलून झालं, याहून काय बोलायचं असतं. ‘बोट काढा,’ ती म्हणाली. त्याने काढलं. गाठ बसली.

तिचं माहेर कळवणचंच. शनिवारी सकाळी चुलतभाऊ लखन पिकअप घेऊन आला, भाजी उतरवून रिकामा परत जाणारा. गाडीला कोथिंबिरीचा वास होता. त्याने आल्या आल्या सगळं अंगावर घेतलं. पलंग, खोकी, गॅस, गाद्या. शेवाळे मधे मधे हात लावायला गेला तर म्हणाला, ‘दाजी, तुमी नका उचलू, कंबर जाईल. तुमी नुसतं दार धरा.’ शेवाळेने दार धरलं. सामान त्याच्यापुढून जात राहिलं. शिवणयंत्रही गेलं. ते त्याने अपेक्षिलं नव्हतं. दर शनिवारी येणाऱ्या माणसाला शिवणयंत्र कशाला लागतं, असा विचार आला, आणि ती दर शनिवारी येणार असं तिने कधी म्हटलेलं नाही हेही त्याच वेळी लक्षात आलं. जिन्यात शेजारी उभे होते. एकजण म्हणाला, वहिनींची मजा आहे, म्हाताऱ्या आईपाशी राहायला मिळालं. कळवण म्हणजे काही शनीची कडी नाही, शेवाळे स्वतःला सांगत होता. दिवसभर एसटी आहेत. वाटेत वणीला चहा मिळतो. पण हे सांगणं पोटापर्यंत उतरत नव्हतं. एकेका फेरीगणिक घर मागे मोठं होत चाललं होतं.

खाली सगळं दोराने बांधून झालं. भाग्यश्री पुढे, लखनशेजारी बसली. मांडीवर पर्स, पायाशी कुरडयांचा डबा. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली होती. शेवाळे खिडकीपाशी गेला. तिने त्याला फ्रिजमधल्या वरणाचं सांगितलं, दूधवाल्याचं सांगितलं, सोलरचा नळ उलटा आहे हे सांगितलं. मग सांगण्यासारखं संपलं. लखनने किल्ली फिरवली, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. शेवाळेला वाटलं, ही वेळ कुणीतरी त्याला काढून दिली आहे. त्याने काचेच्या वरच्या कडेवर दोन्ही हात ठेवले.

‘भाग्यश्री.’

‘काय?’ ती म्हणाली. तिने पर्सवरचे हात सोडले आणि त्याच्याकडे पूर्ण वळली.

त्याच्या घशात ते दोन शब्द होते, दोन्ही होते, त्याने तोंड उघडलं. समोर अर्धी काच, अर्धा चेहरा, मागे लखनचा किल्लीवरचा हात. स्वतःचा आवाज त्याला लांबून, पण स्वच्छ ऐकू आला.

‘गाडीचं भाडं तुझं ऑफिस देईल ना?’

भाग्यश्री पुढे वळून बसली. तिने पर्सचा बंद नीट केला.

‘नाही देत,’ ती म्हणाली.

‘बदलीत देतात की.’

‘विनंती बदली आहे.’

दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. लखन म्हणाला, येतो दाजी, आणि गाडी चौकाकडे वळली. शेवाळेचे हात काचेच्या उंचीवर तसेच राहिले होते, ते त्याने खाली घेतले. सरकारी बदल्या दोन प्रकारच्या असतात. वरून आलेल्या बदलीत सामानाचं भाडं सरकार देतं. कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करून मागितलेल्या बदलीत ते ज्याचं त्याला भरावं लागतं.